शिकलीसवरलेली माणसं फसव्या मेलला का भुलतात?

गोदाकाठ (धागाकर्ता)

कोणी ऑनलाइन फसलं की आपल्याकडे निकाल झटपट लागतो. पैसे मिळतील म्हणून फसला तर लोभी, पैसे जातील या भीतीनं फसला तर बावळट. निकाल देणारा अर्थातच दोन्हींत बसत नाही. बातमीखाली "एवढे शिकलेले लोक असे कसे फसतात?" हा प्रश्न ठरलेला, आणि तो विचारताना विचारणाऱ्याला थोडं बरंही वाटत असावं.

मला वाटतं, या मेल-मेसेजांच्या जाळ्यात माणूस सापडतो तो बरेचदा त्याच्या चांगल्या सवयींमुळे. वेळेवर बिल भरणं, साहेबांचं काम अडू न देणं, आलेल्या पत्राला उत्तर देणं या त्या सवयी. इथल्या मंडळींना काय वाटतं ते ऐकायला धागा काढतोय.

आधी जॉन पोडेस्टा यांचं प्रकरण घ्या. २०१६ साली ते हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराचे अध्यक्ष होते. मार्चमध्ये त्यांच्या जीमेलवर गूगलच्या नावानं इशारा आला की तुमचा पासवर्ड दुसऱ्या कोणाच्या हाती लागलाय, ताबडतोब बदला. त्यांच्या कार्यालयाला शंका आली, त्यांनी तंत्रज्ञाला विचारलं. त्यानं कळवलं की मेल खरा आहे, पासवर्ड बदला. पुढे तो म्हणाला की मला "खोटा आहे" असं लिहायचं होतं, टाइप करताना चुकलं. त्याच उत्तरात त्यानं गूगलची खरी लिंकही दिली होती. दाबली गेली ती मात्र मूळ मेलमधली. ऑक्टोबरपासून त्यांचे मेल विकिलीक्सवर झळकू लागले. म्हणजे शंका घेतली, जाणकाराला विचारलं, खरी लिंक हातात होती, आणि तरीही. यातलं बावळट नेमकं कोण, मला तरी ठरवता येत नाही.

दुसरं उदाहरण घरचं, पुण्याचं. सप्टेंबर २०२२ मध्ये सीरम इन्स्टिट्यूटच्या एका संचालकाला व्हॉट्सॲपवर मेसेज आला. नाव अदर पूनावालांचं, मजकूर एवढाच की या या खात्यांवर तातडीनं पैसे पाठवा. एक कोटी एक लाखाहून जास्त रक्कम गेली. लोक म्हणाले, एक फोन करून विचारता येत नव्हतं का? आता हे म्हणणाऱ्यांनी आपल्या ऑफिसात सगळ्यात वरच्या साहेबाला "सर, हा मेसेज नक्की तुम्हीच केलाय ना?" असं शेवटचं कधी विचारलं होतं ते आठवून पाहावं.

आणि तिसरं, महावितरणच्या नावाचा तो मेसेज. २०२२ मध्ये तो आपल्यापैकी निम्म्यांना तरी आला असेल. मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री ९.३० वाजता वीज तोडली जाईल, त्वरित अधिकाऱ्याशी संपर्क साधा, आणि खाली साधा मोबाइल नंबर. मेसेज छोटा, पण बेतलाय किती बारकाईनं ते बघा. बिल थकवणारा याला घाबरत नाही. आपली वीज कशी आणि कधी तोडतात हे त्याला पक्कं माहीत असतं, लाइनमनशी ओळखही असते. दचकतो तो दर महिन्याला मुदतीआधी भरणारा. "मी तर भरलं होतं, नोंद झाली नाही की काय?" तो फोन करतो. पलीकडचा अदबीनं म्हणतो, "हो सर, भरलंय तुम्ही, फक्त सिस्टीमला अपडेट दिसत नाहीये. १० रुपये भरून नोंद करून घ्या." त्यासाठी एक ॲप टाकायला लावतो. ॲप असतं दुसऱ्याच्या फोनची स्क्रीन लांबून बघायचं. १० रुपये भरताना पासवर्ड, ओटीपी सगळं पलीकडे दिसतं. आणि वेळ रात्री साडेनऊची का? तेव्हा वीज कार्यालय बंद, जाऊन विचारायची सोय नाही, आणि घरात कोणी आजारी असेल तर पंख्याविना रात्र काढायची कल्पनाच पुरे.

यात लोभ कुठे आहे?


काडीबहाद्दर

लोभ नाही म्हणताय, पण सोयीची उदाहरणं निवडलीत. शेअर बाजाराचे व्हॉट्सॲप ग्रुप, घरबसल्या रिव्ह्यू लिहून दिवसाला दोन हजार, लॉटरी लागली, कुण्या परदेशी बाईनं विमानतळावर भेटवस्तू अडकवून ठेवलीय... हे सगळं लोभावरच चालतं ना? "माझा अडकलेला खजिना सोडवायला थोडे पैसे पाठवा, मोठा वाटा देतो" असा मेल करणाऱ्या नायजेरियाच्या राजपुत्राला पैसे पाठवणारा माणूस बिल वेळेवर भरत असेलही, पण त्याचे पैसे गेले ते फुकटच्या हावेपायी. उगाच फसलेल्यांना संत करू नका.


गोदाकाठ

काडीबहाद्दर, संत कोणालाच करत नाहीये. गुंतवणुकीच्या फसवणुकीत हाव असते हे मान्य. पण राजपुत्राचं नाव काढलंतच तर एक गंमत सांगतो. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ साली याच प्रश्नावर निबंध लिहिला होता: हे लोक स्वतः नायजेरियाचे असल्याचं उघड सांगतात तरी का? नायजेरियाच्या फौजदारी कायद्यातल्या ज्या कलमावरून या फसवणुकीला "४१९" म्हणतात, ते जगाला तोंडपाठ झालंय. मग दुसऱ्या एखाद्या देशाचं नाव का घेत नाहीत?

हर्लींचं उत्तर धंद्याच्या हिशोबाचं आहे. मेल लाखोंना फुकट जातो, पण ज्यानं उत्तर दिलं त्याच्याशी पुढे आठवडेच्या आठवडे बोलत बसावं लागतं, आणि ते फुकट नसतं. अर्ध्या वाटेवर ज्याला शंका येणार असा माणूस त्यांना नकोच असतो. म्हणून पहिला मेल मुद्दाम हास्यास्पद ठेवायचा. तुम्ही-आम्ही हसून डिलीट करतो आणि चाळणीवर उरतात ते शेवटपर्यंत येणारे.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, तो मेल बघून आपण हसलो म्हणजे आपण हुशार ठरलो असं नाही. तो आपल्यासाठी नव्हताच. दुसरी, आपल्यासाठी जो लिहिलेला असेल तो हास्यास्पद नसणार.

आणि हाव नसताना फक्त धाकावर किती पैसे जातात त्याचं उदाहरण वर्धमान उद्योगसमूहाचे एस. पी. ओसवाल. २०२४ मध्ये त्यांना व्हिडिओ कॉलवर चक्क खोटं सर्वोच्च न्यायालय दाखवलं, सरन्यायाधीश म्हणून कोणीतरी बसवला, आणि सात कोटी काढून घेतले. एवढ्या मोठ्या उद्योगपतीला कसली आलीय फुकटची हाव?


हिशेबनीस

उशिरा आलो, पण या विषयावर हात शिवशिवतायत. निर्यात करणाऱ्या छोट्या-मध्यम कंपन्यांची खाती बघतो, त्यामुळे मेलवरून होणारी खरी मोठी लूट जवळून पाहिलीय. तिच्यात लॉटरी नसते, धमकी नसते, वाईट इंग्रजी नसतं.

माझ्या ओळखीच्या एका कारखानदाराचं उदाहरण सांगतो, नावगाव नको. त्यांचा युरोपातल्या एका गिऱ्हाइकाशी जुना व्यवहार. माल गेला, इनव्हॉइस गेलं, पैसे यायचे होते. मधल्या काळात कोणीतरी यांच्या अकाउंटंटच्या मेलबॉक्समध्ये शिरून बसलं होतं. शिरून काय केलं? काहीच नाही. फक्त एक नियम लावून ठेवला: "इनव्हॉइस" किंवा "पेमेंट" शब्द असलेला प्रत्येक मेल गुपचूप बाहेरच्या एका पत्त्यावर जाईल. आणि वाचत बसले. कोण कोणाला "डिअर" लिहितं, कोण नुसतं पहिलं नाव लिहितं, कोणाच्या मुलीचं लग्न झालंय, सगळं.

पैसे यायच्या आठवड्यात गिऱ्हाइकाला त्याच चालू मेलसाखळीत उत्तर गेलं. खाली जुने सगळे मेल जसेच्या तसे. वर दोन ओळी: आमच्याकडे ऑडिट चालू असल्यानं नेहमीचं खातं तात्पुरतं बंद आहे, सोबतच्या खात्यावर पाठवावे, तसदीबद्दल क्षमस्व. सोबत इनव्हॉइस, तोच लोगो, तोच शिक्का, तीच सही. बदललेला फक्त खाते क्रमांक आणि बँक. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात कंपनीच्या नावातल्या "एम"च्या जागी "आर" आणि "एन" ही दोन इंग्रजी अक्षरं शेजारी शेजारी. छोट्या टायपात चष्मा लावूनही फरक दिसत नाही. मी तो मेल छापून घेतला होता, आणि काय शोधायचंय हे माहीत असूनही मला बोट ठेवून वाचावं लागलं.

गिऱ्हाइकानं पैसे पाठवले. यांनी दोन आठवड्यांनी आठवण केली तेव्हा उलगडा झाला. त्यानंतर भांडण वेगळंच: तो म्हणे मी पाठवले, हे म्हणत आम्हाला मिळाले नाहीत. वर्षानुवर्षांचा व्यवहार तुटला तो तुटलाच.

आता मोठ्यांचं ऐका. लिथुआनियाचा एव्हाल्दास रिमासाउस्कस नावाचा इसम. तैवानची क्वांटा कंपनी गूगल आणि फेसबुकला हार्डवेअर पुरवते. यानं लॅटव्हियात त्याच नावाची कंपनी नोंदवली आणि २०१३ ते २०१५ या काळात दोघांकडे खोटी बिलं, खोटे करार पाठवले. दोघांनी मिळून १२ कोटी डॉलरच्या आसपास पैसे दिले! गूगल आणि फेसबुक! २०१९ मध्ये त्याला अमेरिकेत पाच वर्षांची शिक्षा झाली. तिथल्या अकाउंट्स विभागानं तरी काय चूक केली? ओळखीचा पुरवठादार, अपेक्षित बिल, ठरलेली पद्धत. बिल आलं की चुकतं करायचं हीच त्यांची नोकरी. एफबीआयकडे एकट्या २०२३ मध्ये अशा व्यावसायिक मेलफसवणुकीच्या नोंदलेल्या नुकसानीचा आकडा सुमारे २९० कोटी डॉलर होता.

मी आता सगळ्यांना एकच नियम लावलाय. खातं बदलल्याचा मेल आला की जुन्या व्हिजिटिंग कार्डावरच्या नंबरवर फोन. मेलखाली दिलेल्या नंबरवर करायचा नाही, तो पण त्यांचाच असतो. एका मालकानं सुरुवातीला कुरकुर केली, "गिऱ्हाइकाला वाटेल आमचा विश्वास नाही". मी म्हटलं, वाटू दे.


पोटोबा

जबरदस्त प्रतिसाद हिशेबनीस.

अवांतर: आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर "फसव्या लिंकपासून सावध राहा" असा मेसेज आला होता. खाली "अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा". चौघांनी क्लिक केलं. :)


निवृत्त_कॅशियर

मी बँकेतून रिटायर झालो. कोणत्या, ते जाऊ द्या. काउंटरच्या आतून दिसलेली एक बाजू इथे अजून कोणी मांडली नाही, म्हणून लिहितो.

फसलेला माणूस बँकेत येतो तेव्हा पैशांइतकाच लाजेनं खचलेला असतो. एक निवृत्त मुख्याध्यापिका आठवतात. केवायसी संपल्याचा मेल, लिंक, कार्डाचा नंबर, ओटीपी, नेहमीचंच. पैसे गेले गुरुवारी दुपारी. बाई आल्या सोमवारी. मी विचारलं, मॅडम, चार दिवस का थांबलात? तर मुलगा-सून सुट्टीला आले होते, ते जाईपर्यंत त्यांना घरात विषय काढायचा नव्हता. आल्यावरही माझ्याशी बोलताना आवाज इतका खाली, की शेजारच्या खुर्चीतली बाई ऐकेल याची धास्ती. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं दाखवल्या, आता स्वतःची कशी सांगणार?

त्या चार दिवसांत काय होतं बघा. चोर पैसा स्वतःच्या नावावर घेत नाही. भाड्याची खाती असतात. कॉलेजची पोरं, मजूर, कोणी हजार-दोन हजारांसाठी आपलं पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम देऊन टाकतं. पहिल्या खात्यात पैसा काही मिनिटंच थांबतो, तिथून तुकडे होऊन पाच-सात खात्यांत, पुढे एटीएममधून रोख किंवा क्रिप्टो. १९३० या नंबरवर फोन केला की तक्रार थेट बँकांच्या यंत्रणेत जाते आणि पैसा ज्या खात्यात त्या क्षणी असेल तिथे त्यावर लीन लागतं, म्हणजे खातेदाराला तो काढता येत नाही. पहिल्या तासाभरात फोन झाला तर काहीतरी हाती लागण्याची शक्यता बरी असते. सोमवारी नुसता कागद होतो.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे ग्राहकाच्या जबाबदारीबद्दल. बँकेचा दोष नाही, ग्राहकाचाही नाही, गडबड तिसरीकडेच कुठेतरी झाली, अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काहीच बोजा नाही. पण ओटीपी किंवा पासवर्ड स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे उशीर तिथेही महागच.

म्हणून घरातल्या तरुण मंडळींना विनंती. आई-वडिलांना "कोणालाही ओटीपी देऊ नका" हे शंभर वेळा सांगता, ते ठीक. त्यासोबत एकदा हेही सांगा की चुकून दिलात तर मी ओरडणार नाही, आधी मला फोन करा. माझा अनुभव असा की ओरडणाऱ्या घरातली माणसं सगळ्यात उशिरा येतात.


जास्वंद

निवृत्त_कॅशियर काका, शेवटचा परिच्छेद घरच्या ग्रुपवर टाकू का? तुमच्या नावानं टाकते.


निवृत्त_कॅशियर

टाका की. नाव नको.


टर्मिनल

माहिती सुरक्षेत काम करतो. ऑफिसांमध्ये जे "प्रशिक्षण" चालतं त्याबद्दल थोडं.

बहुतेक कंपन्या कर्मचाऱ्यांना मुद्दाम खोटे फिशिंग मेल (म्हणजे पासवर्ड वगैरे काढून घेणाऱ्या फसव्या मेलची नक्कल) पाठवतात. ज्यानं क्लिक केलं त्याला व्हिडिओ बघायला लावतात. कल्पना वाईट नाही, पण हातात सत्ता आली की माणसं काय करतात बघा. डिसेंबर २०२० मध्ये, ऐन कोविडात, गोडॅडी या वेबसाइट कंपनीनं कर्मचाऱ्यांना ६५० डॉलरच्या सुट्टीच्या बोनसचा मेल पाठवला. फॉर्म भरला की नापास. बोंबाबोंब झाल्यावर कंपनीला माफी मागावी लागली. अशा परीक्षांतून लोक एवढंच शिकतात की आयटीवाले आपल्याला पकडायला टपलेत. मग खरंच काही दाबलं गेलं तर ते आमच्याकडे येतील का? काकांची मुख्याध्यापिका इथेही आहे, फक्त गळ्यात आयडी कार्ड.

आणि कितीही शिकवा, दमलेल्या माणसावर त्याचा उपयोग नसतो. ट्रॉय हंट हे नाव आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत. कोणाचे पासवर्ड फुटलेत ते सांगणारी "हॅव आय बीन पोन्ड" ही साइट त्याचीच. मार्च २०२५ मध्ये हा माणूस स्वतः फसला. प्रवासानं थकून लंडनमध्ये होता. वाचकांना मेलवरून वार्तापत्र (न्यूजलेटर) पाठवायला तो जी सेवा वापरतो तिच्या नावानं मेल आला की तुमच्याविरुद्ध स्पॅमची तक्रार आहे, पाठवणं थांबवलंय. त्यानं लॉगिन केलं, ओटीपीही टाकला. काही क्षणांत त्याच्या सुमारे १६ हजार वाचकांची यादी उतरवून नेली. सगळ्यात बोलका भाग म्हणजे त्याच्या पासवर्ड मॅनेजरनं (पासवर्ड लक्षात ठेवून भरणाऱ्या ॲपनं) त्या पानावर पासवर्ड आपोआप भरला नव्हता. यंत्राला पत्ता वेगळा दिसत होता. माणसानं हातानं भरला, कारण खऱ्या साइटवरही हे मॅनेजर अधूनमधून अडतात आणि आपण सगळेच हातानं भरतो.

म्हणून माझं मत झालंय की ओळखण्याचं काम माणसाकडून काढून घ्यावं. गूगलनं २०१७ पासून ८५ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना लॉगिनसाठी संगणकाला लावायची छोटी हार्डवेअर किल्ली वापरणं सक्तीचं केलं, आणि वर्षभरानं सांगितलं की तेव्हापासून एकही खातं फिशिंगनं गेलेलं नाही. जुलै २०२२ मध्ये क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या लोकांना खोटे एसएमएस आले. तिघांनी पासवर्ड भरलेसुद्धा! आत कोणी शिरू शकलं नाही, कारण किल्ली खोट्या पत्त्याला उत्तरच देत नाही. त्याच सुमारास तशाच हल्ल्यात ट्विलिओ ही कंपनी सापडली. दोन्हींकडची माणसं सारखीच हुशार होती. ओटीपीचं तसं नाही. तुम्ही खोट्या पानावर टाकलेला ओटीपी पलीकडचा त्याच मिनिटाला खऱ्या पानावर टाकतो. हल्ली फोनमध्ये पासकी म्हणून जे येतं ते त्या किल्लीचंच घरगुती रूप आहे. जिथे मिळेल तिथे घ्या, निदान मुख्य मेलला तरी. मेल गेला की बाकी सगळ्याचे पासवर्ड "विसरलो" म्हणून बदलता येतात.

"शुद्धलेखनाच्या चुका बघा" हा सल्ला आता विसरा. पूर्वी उपयोग व्हायचा. बांगलादेश बँकेच्या २०१६ च्या चोरीत चोरांच्या पैसे पाठवायच्या खोट्या आदेशात "फाउंडेशन"चं स्पेलिंग चुकलं म्हणून दोन कोटी डॉलर वाचले होते. त्या चोरीची सुरुवातही मेलनंच, नोकरीचा अर्ज आणि बायोडेटा. आता एआय स्वच्छ मराठीत मेल लिहून देतो. आणि आपल्या खऱ्या बँकांचे मराठी मेसेज वाचलेत का? चुकांवरून ठरवायचं तर तेच आधी ब्लॉक होतील.


डॅलसवाली

मस्त धागा. इकडची भर घालते.

अमेरिकेतल्या आमच्यासारख्यांना वर्षानुवर्षं फोन यायचे. आयआरएसमधून (इकडच्या कर खात्यातून) बोलतोय, कर थकलाय, अटक वॉरंट निघालंय, किंवा इमिग्रेशनमधून बोलतोय, कागदपत्रांत घोळ आहे. पैसे भरायचे आयट्यून्सच्या गिफ्ट कार्डांनी! आपण म्हणू, सरकार कधी गिफ्ट कार्डात कर घेतं का? पण व्हिसावर राहणाऱ्या माणसाच्या डोक्यात "कागदपत्रांत घोळ" हे शब्द पडले की पुढचं काही ऐकूच येत नाही. मुलांची शाळा, घराचं कर्ज, सगळं त्या एका स्टेटसवर उभं असतं. इथली जन्मलेली शेजारीण त्याच फोनला शिवी हासडून ठेवते. ती जास्त हुशार आहे म्हणून नव्हे हो.

आणि हे फोन यायचे कुठून? ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडला कॉल सेंटरवर धाड घातली, शेकडो पोरापोरींना ताब्यात घेतलं, सत्तरेक जणांना अटक झाली. हातात छापील स्क्रिप्ट, अमेरिकन नावं, शिकवलेले उच्चार. समोरचा "मी वकिलाशी बोलतो" म्हणाला तर काय म्हणायचं हेसुद्धा स्क्रिप्टमध्ये. आपण तो फोन आयुष्यात पहिल्यांदा घेत असतो, पलीकडच्याची ती दिवसातली कितवी तरी खेप असते.


काडीबहाद्दर

वाचतोय. एकूण बँक दोषी, आयटीवाले दोषी, व्हिसा दोषी, पासवर्ड मॅनेजर दोषी. ओटीपी देणारा तेवढा निर्दोष. :)

गंमत सोडा. हिशेबनीस यांचा फोनचा नियम पटला. कारण त्यात मेल खरा की खोटा हे ठरवावंच लागत नाही. माझं म्हणणं एवढंच की माणसानं थोडी तरी अक्कल वापरावी. प्रत्येक लिंकला हार्डवेअर किल्ली कुठून आणायची?


गोदाकाठ

काडीबहाद्दर, अक्कल वापरायला हरकत नाही, पण ती वापरायची कशावर? खऱ्या संस्थांनी आपल्याला काय सवय लावलीय बघा. खरी बँक स्वतः फोन करते आणि आधी आपल्यालाच जन्मतारीख विचारते. खरी विमा कंपनी आखूड केलेली लिंक पाठवते, जिच्यावरून पत्ता कळत नाही. खरा कुरिअरवाला ओटीपी मागतो, आणि तो दिल्याशिवाय पार्सल मिळत नाही. दिवसभर जे करायला लावता तेच संध्याकाळी केलं म्हणून माणूस मूर्ख?

निदान एक गोष्ट बरी झालीय. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत "डॉट बँक डॉट इन" या पत्त्यावर यायला सांगितलं. तो पत्ता फक्त बँकांनाच मिळतो. लिंक वाचताना सुरुवातीचं "https://" सोडून त्यानंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचा शेवटचा भाग बघायचा, कारण त्याच्या मागे-पुढे बँकेचं नाव कोणीही चिकटवू शकतो.


जास्वंद

लगेच एक प्रश्न. हा धागा वाचतानाच मेल आलाय, आयकर खात्याकडून. रिटर्न प्रोसेस झालं म्हणे. सोबत पीडीएफ, त्याला कुलूप, आणि पासवर्ड म्हणजे पॅन आणि जन्मतारीख. हे शंभर टक्के फसवं ना? डिलीट करू?


हिशेबनीस

थांबा, डिलीट नको. कलम १४३(१) ची खरी इंटिमेशन (रिटर्न प्रोसेस झाल्याची सूचना) अशीच येते, कुलूपबंद पीडीएफ, पासवर्ड लहान लिपीत पॅन आणि पुढे जन्मतारीख. पण तेच बघून चोरही तसाच पाठवतात. मेलला हात लावू नका. ब्राउझरमध्ये आयकर पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करा, लॉगिन करून भरलेल्या रिटर्नांची यादी उघडा. इंटिमेशन खरी असेल तर तिथे उतरवून घेता येते. खात्याकडून आलेली नोटीस किंवा ऑर्डर खरी आहे का ते तपासायची सोयही त्याच पोर्टलवर आहे, त्याला लॉगिनही लागत नाही.


जास्वंद

बघितलं. मेल खराच निघाला, इंटिमेशन पोर्टलवर आहे. परतावाही मंजूर झालाय, पण मी धरला होता त्यापेक्षा कमी. टीडीएसची एक नोंद जुळत नाही म्हणतायत.

आता यासाठी वेगळा धागा काढू की इथेच विचारू?


हिशेबनीस

वेगळा काढा. आणि पीडीएफचा स्क्रीनशॉट टाकणार असाल तर आधी पॅन झाका.